हलक्या स्टिअरिंगचं कूळ

दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला जाणता मेस्त्री एक परीक्षा सांगतो. इंजिन चालू करा, गाडी जागेवरच ठेवा, काचा खाली घ्या, रेडिओ बंद करा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एवढ्यात पुष्कळ कळतं. एखादी गाडी बॉनेटखालून घुमायला लागते. एखादीचा पट्टा टोकाशी आल्यावर किंचाळतो. कुठे स्टिअरिंगच्या दांड्यातून बारीक ‘टक्’ येतो, कुठे चाक मध्येच जड होऊन पुन्हा सुटतं. विकणारा म्हणतो, ‘जुन्या गाडीत एवढं चालायचंच.’ मला हे उत्तर पटत नाही. या प्रत्येक आवाजाला कारण आहे आणि त्या कारणाला जन्मसालही आहे. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांनी वाटेत काही निर्णय घेतले. बहुतेक निर्णय शहाणपणाचे होते, पण त्यांची किंमत गाडी जुनी झाल्यावर चुकवावी लागते, आणि तीसुद्धा तिसऱ्या-चौथ्या मालकाला.

हे कूळ शोधत मागे गेलं तर आपण समुद्रावर पोचतो. इझम्बार्ड ब्रुनेलची ‘ग्रेट ईस्टर्न’ ही बोट १८५८ साली पाण्यात उतरली तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी बोट होती. एवढ्या धुडाचं सुकाणू नुसत्या हातांनी वळवायचं म्हणजे खवळलेल्या समुद्रात माणसांची फौजच चाकाला लावावी लागे. १८६०च्या दशकात जॉन मॅकफार्लेन ग्रे या अभियंत्याने तिच्यासाठी वाफेवर चालणारं सुकाणूयंत्र केलं. वाफेची ताकद तोवर सगळ्यांना ठाऊक होती. खरा प्रश्न होता ती ताकद हव्या त्या जागी थांबवायची कशी. ग्रेच्या यंत्रात चाक थोडं फिरवलं की झडप उघडे आणि वाफ सुकाणू ढकलू लागे. सुकाणू वळता वळता तीच झडप मिटवत आणी. चाक जिथे थांबलं तिथे सुकाणूही थांबे. ताकद वाफेची, पण मर्जी माणसाची. हीच बोट १८७०च्या सुरुवातीला मुंबईत आली आणि मुंबई ते एडन ही तारायंत्राची केबल तिने समुद्राच्या तळाशी अंथरली. तिच्या केबलीचं कौतुक पुष्कळ झालं. तिच्या सुकाणूचंही तेवढंच व्हायला हवं होतं असं मला वाटतं, कारण आज कुठल्याही गाडीत पॉवर स्टिअरिंग म्हणून जे बसतं त्याचं मर्म त्या झडपेत आहे.

रस्त्यावर ते यायला वेळ लागला. पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्डने १९०० साली मोटारीच्या चाकांना यांत्रिक मदत देणाऱ्या रचनेचं पेटंट घेतलं, पण ते रूढ झालं नाही. गरज भासली ती मालमोटारींमुळे. पुढच्या धुऱ्यावर टनांनी ओझं असताना चाक वळवायचं म्हणजे खांद्यांची कसोटी. खड्ड्यात चाक आदळलं की स्टिअरिंग उसळून चालकाच्या मनगटाला मार बसे. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकी अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागात होता. हे हाल तो रोज पाहत होता. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावात एक कार्यशाळा भाड्याने घेतली आणि जॉर्ज जेसप या हत्यारं घडवणाऱ्या कारागिराला हाताशी धरून तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग बनवायला घेतलं.

इथे जरा थांबतो, कारण जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी या कार्यशाळेत जन्मल्या. त्या काळची तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं झडप मिटून, तेल दाबाखाली कोंडून ठेवत आणि काम पडलं की सोडत. कोंडलेलं तेल फट शोधतं. सील झिजे, गळती लागे. डेव्हिसने उलटा विचार केला. झडप उघडीच ठेवायची, पंपाने तेल अखंड फिरवत ठेवायचं. गाडी सरळ चालली असेल तर तेल झडपेतून मोकळं जाऊन टाकीत परत येतं, दाब जवळजवळ नसतोच. चाक वळवलं की झडप एका बाजूची वाट अरुंद करते, तिथे दाब चढतो आणि दट्ट्या त्या बाजूला सरकतो. हात थांबला की वाट पुन्हा मोकळी. ग्रेच्या बोटीवरचंच तत्त्व, पण अंगठ्याएवढ्या जागेत आणि गळतीची भीती पुष्कळ कमी करून. मला ही युक्ती अजूनही थक्क करते.

तिचा दुसरा चेहरा आता पाहा. तेल अखंड फिरवायचं तर पंप अखंड फिरायला हवा. सरळ महामार्गावर, स्टिअरिंगला बोटही लावलेलं नसताना, पट्ट्यावर बसलेला पंप इंजिनाची ताकद खात राहतो आणि झिजत राहतो. त्यात हा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. मदत सर्वांत जास्त लागते ती गाडी उभी करताना, आणि तेव्हा इंजिन सर्वांत हळू फिरत असतं. म्हणून पंप असा बनवावा लागतो की मंद इंजिनावरही त्याने पुरेसं तेल दिलं पाहिजे. वेगात ते कैकपट जास्त होतं, मग जादा तेल परत वळवायला आणखी एक झडप. इंजिन मंद असताना स्टिअरिंग जड आणि ॲक्सिलरेटर दाबला की हलकं, असं जुन्या गाडीत झालं तर पंप थकलाय किंवा पट्टा घसरतोय, हे निदान इथून निघतं. किंकाळी मारतो तो पट्टा. घुमण्याचा आवाज मात्र बहुधा तेल कमी झाल्याचा, कारण टाकीतली पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो. फेस दाबला जातो, म्हणून मदत लुकलुकत मिळते.

डेव्हिसने आपली यंत्रणा १९२१च्या पिअर्स-ॲरो गाडीत बसवली आणि १९२६ साली ती चालवत डेट्रॉईटला नेऊन जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्यांना दाखवली. त्यांनी करार केला. कॅडिलॅकमध्ये ती येणार असं ठरलं, आणि मग महामंदी आली. १९३४ साली कंपनीने काम थांबवलं. डेव्हिस बेंडिक्स कंपनीकडे गेला. खप आणला तो दुसऱ्या महायुद्धाने: लष्कराच्या जड चिलखती गाड्यांना आणि ट्रकांना हे स्टिअरिंग हजारोंनी बसलं. सामान्य माणसाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ते १९५१ साली आलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये, आणि तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारावर. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमध्येही आलं. कार्यशाळेपासून बाजारापर्यंत पंचवीस वर्षं गेली.

मग मोटारी बदलल्या. मदत नव्हती तेव्हा स्टिअरिंगचं चाक मोठं असे, आणि ते जास्त फेरे फिरवावं लागे, म्हणजे हाताला जोर कमी लागे. मदत मिळाल्यावर अभियंत्यांनी फेरे कमी केले, टायर रुंद केले, पुढे इंजिन, पुढच्याच चाकांना ओढ आणि वजनही पुढेच असं सगळं केलं. म्हणून पॉवर गेलेली गाडी ही पॉवर नसलेल्या जुन्या गाडीपेक्षा कितीतरी जड लागते. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं तर स्टिअरिंग ‘लॉक’ झालं असं घाबरून सांगणारे पुष्कळ भेटतात. किल्ली चालूच असेल तर ते लॉक झालेलं नसतं. दांडा चाकांना जोडलेलाच असतो, फक्त आता सगळा जोर आपला. हे माहीत असलेला माणूस दोन्ही हातांनी नेट लावून गाडी कडेला घेतो.

झडप चालवण्यासाठी पुढे एक फार सुंदर तुकडा रूढ झाला: स्टिअरिंगच्या दांड्यात बसवलेली पोलादी बारीक शीग. हात चाक फिरवतो, टायर रस्त्यावर अडतात, मधल्या मध्ये ही शीग किंचित पिळली जाते. जेवढा पीळ तेवढी झडप उघडते आणि तेवढीच मदत मिळते. ही झडप म्हणजे एकात एक फिरणाऱ्या दोन नळ्या, त्यांच्यामधली फट केसाहून बारीक. अशा जागी मळकं तेल गेलं तर चाक मध्येच अडणार, एका बाजूला आपोआप ओढणार. मूळचं लाल तेल काळं झालेलं असेल तर तो झिजलेल्या रबराचा आणि धातूचा कीस असतो. या तेलावर बहुतेक गाडीमालक आयुष्यात एकदाही पैसे खर्च करत नाहीत, आणि रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी दांडी, बदलायची वेळ आली की नशिबाला बोल लावतात.

अमेरिकेत १९८०च्या दशकात जनरल मोटर्सच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत एक दुखणं गाजलं. सकाळी गाडी काढली की स्टिअरिंग जड, दहा मिनिटांत पुन्हा ठीक. रॅकचं घर ॲल्युमिनियमचं होतं. झडपेवरच्या कठीण टेफ्लॉनच्या कड्यांनी त्या मऊ धातूत चर पाडले. गार असताना कड्या आक्रसलेल्या, तेल चरांतून निसटे. गरम झाल्यावर कड्या फुलून बसत. वजन वाचवायला निवडलेला धातू असा नडला. यातून जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट घ्यावी: आधी तापवून ठेवलेली गाडी पाहू नये. बॉनेटवर हात ठेवून ती गार आहे याची खात्री करावी आणि मगच किल्ली फिरवावी.

महाराष्ट्रात हे तंत्र आलं ते डेव्हिसच्याच वाटेने, म्हणजे ट्रकांसाठी. झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी १९८१ साली स्थापन झाली. जर्मनीतल्या झेडएफच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला तिने ट्रक-बससाठी पॉवर स्टिअरिंग बनवायला घेतलं. त्याआधीच्या पिढीतल्या चालकांना विचारा. भरलेला ट्रक उभ्या जागी वळतच नसे, तो आधी इंचभर हलता करावा लागे. घाटातल्या एकेका वळणावर अख्खं अंग चाकावर टाकावं लागे. त्यांच्या खांद्यांच्या दुखण्यांचा हिशोब कुणी ठेवला नाही याची मला मनापासून खंत वाटते. मोटारींत ते नंतर आलं. पिंपरीत बनलेली इंडिका, नाशिकची स्कॉर्पिओ, या गाड्यांच्या जुन्या आवृत्त्यांत तेलाचंच स्टिअरिंग आहे. अशी गाडी घेताना रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट हाताने दाबून पाहावेत. आत तेल साचलेलं असेल तर सील गेलंय. टोकाला चाक दाबून धरून ठेवायची सवयही या गाड्यांना मारते. तिथे दाब शिगेला पोचतो, १००० पीएसआयच्या वर, आणि तेल उकळायला आल्यासारखं तापतं.

कुळाची दुसरी शाखा जपानात फुटली. तिथल्या छोट्या मोटारींचं इंजिन तेव्हा कायद्यानेच ५५० सीसीच्या आत असे. एवढ्याशा इंजिनाने सतत फिरणारा पंप कसा पोसायचा? १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या गाडीत कोयो सेइको कंपनीचं विजेवर चालणारं स्टिअरिंग आलं. पंप नाही, तेल नाही, पट्टा नाही. दांड्याला एक मोटार, जी वळवलं तरच वीज खाते. आणि आत कोण? तीच पिळणारी शीग. आता ती झडप उघडत नाही, तिचा पीळ सेन्सर मोजतो आणि संगणक मोटारीला हुकूम देतो. कोयोचं सहकार्य घेतलेली सोना स्टिअरिंग ही गुडगावची कंपनी मारुतीला स्टिअरिंग पुरवत होती. सुझुकीच्या त्या धाकट्या गाडीचा वारसा २००० नंतर आपल्याकडच्या छोट्या मारुतींत उतरला.

या शाखेची दुखणी निराळी. तेल नाही म्हणून गळती नाही, पण सगळा भार विजेवर आला. गाडी उभी करताना ही मोटार ३०-४० अँपिअर सहज ओढते. बॅटरी म्हातारी असेल, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी असेल, इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर सर्वांत आधी स्टिअरिंग रुसतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजात लगेच सांगितलं जातं की अख्खा कॉलम, म्हणजे मोटारीसकट स्टिअरिंगचा दांडा, बदला. आधी विजेचा दाब मोजून घ्या, अर्थिंग साफ करून घ्या. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत येणारा तो बारीक ‘टक्’ तर मोटारीच्या आत दडलेल्या चांदणीच्या आकाराच्या रबरी तुकड्याचा असतो. रबर वाळून चुरा होतं आणि दोन धातू एकमेकांवर आपटतात. तुकडा स्वस्त, पण कॉलम उतरवायची मजुरी मोठी. सेन्सर किंवा मोटार गेली असेल तर मात्र खर्च खरा आहे. २०१० साली जनरल मोटर्सने अमेरिकेत आणि शेजारच्या देशांत स्टिअरिंगच्या अशाच मोटारीपायी सुमारे १३ लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या होत्या.

विकणारे गाडी दाखवण्याआधी बॅटरीची तार काढून पुन्हा लावतात, तेव्हा तो पिवळा दिवा तात्पुरता विझतो. म्हणून पाच-सहा किलोमीटर चालवून, गल्लीत दोन-तीनदा जागेवर वळवून, मग स्कॅनर लावायला सांगावं आणि स्टिअरिंगच्या बिघाडाचे कोड वाचून घ्यावेत.