वाट राखणारी माणसं

पायवाट कुणी बांधत नाही, ती पडते, असं आपण धरून चालतो. सह्याद्रीत फिरताना मलाही ते खरंच वाटायचं. माणसं-गुरं चालली की वाट पडते, चालणं थांबलं की दोन-चार पावसाळ्यांत झाडोरा तिला गिळून टाकतो. न्यू जर्सीत राहायला आलो आणि अशा एका वाटेशी गाठ पडली, जी आधी कागदावर उमटली आणि मग जमिनीवर. अ‍ॅपलेशियन ट्रेल! जॉर्जियातल्या स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट.

बेंटन मकाय नावाच्या वनतज्ज्ञाने १९२१ साली वास्तुविशारदांच्या एका मासिकात ही कल्पना मांडली. कारखान्यांत आणि शहरांत पिचलेल्या माणसाला चार दिवस डोंगरात जगता यावं, एवढं साधं त्याचं म्हणणं. १९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन परिसरात पहिला टप्पा खुला झाला. पुढे मात्र काम रेंगाळलं. ते रेटून नेलं मायरन एव्हरी या वकिलाने. सायकलच्या चाकासारखं मोजचाक ढकलत हा गृहस्थ अख्खी वाट टप्प्याटप्प्याने चालला. १९३७ च्या ऑगस्टमध्ये ती पूर्ण झाली.

पण त्याआधीच या दोघांचं बिनसलं होतं. व्हर्जिनियात डोंगरमाथ्यावरून मोटारींसाठी स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता निघाला. मकायला तो मुळीच मान्य नव्हता. ज्या गोंगाटातून सुटका हवी, तोच डोंगरावर चढवायचा? एव्हरीचं गणित वेगळं होतं. रस्ता होणारच असेल तर वाट थोडी बाजूला सरकवू, पण ती सलग राहू दे. मला विचाराल तर दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच हे भांडण मला आजही जुनं वाटत नाही.

'पूर्ण' झालेली वाट वर्षभरच टिकली. १९३८ च्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमधला मोठा भाग झाडांखाली गाडला, दक्षिणेत नव्या रस्त्याने काही भाग खाल्ला, मग महायुद्ध आलं. ती पुन्हा सलग व्हायला १९५१ साल उजाडलं.

१९५५ मध्ये एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची आजी पायात साधे कापडी बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी घेऊन एकटीने ही वाट चालली. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. आजीने मात्र स्पष्ट सांगितलं की वाटेची अवस्था वाईट आहे, खुणा नीट नाहीत! त्या बोलण्याने या वाटेकडे लोकांचं लक्ष वळलं. १९६८ मध्ये कायदा होऊन तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

म्हणजे प्रसिद्धीने वाट जगली. पण प्रसिद्धी फुकट मिळत नाही. १९९८ मध्ये बिल ब्रायसनचं गाजलेलं पुस्तक आलं आणि पुढे गर्दी वाढत गेली. चिखल दिसला की माणूस कडेने जातो, कडेचं गवत मरतं, वाट रुंदावते. मग पावसाचं पाणी तिलाच ओढा समजून वाहू लागतं आणि माती घेऊन जातं. सह्याद्रीत पावलांनी वाट राखली, इथे पावलंच तिला खातात. म्हणून इथले जाणते सांगतात, बूट खराब झाले तरी चालतील, चिखलातूनच सरळ जा.

त्यासाठीच सुमारे तीस क्लब आणि हजारो स्वयंसेवक दरवर्षी राबतात. पडलेली झाडं कापणं, पाणी बाजूला काढायला आडवे दगड बसवणं, झाडांवरचे दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे पुन्हा रंगवणं... कुणाचं लक्षही जाणार नाही अशी कामं. २०१० पासून वाटेलगतच्या गावांनाही यात रीतसर सामील करून घेतलं जातं, म्हणजे येणाऱ्या पावलांचा फायदा गावाला आणि गावाचा आधार वाटेला. २०२४ च्या हेलीन वादळाने दक्षिणेकडे हजारो झाडं आडवी पाडली, तेव्हा हेच लोक करवती घेऊन पुढे आले.

बेअर माउंटनवर, जिथे १९२३ मध्ये सुरुवात झाली, तिथली जुनी वाट पावलांनी पार झिजली होती. तिथे स्वयंसेवक आणि कारागिरांनी ग्रॅनाइटच्या हजाराहून अधिक पायऱ्या बसवल्या. ते काम २०१८ मध्ये, म्हणजे बारा-एक वर्षांनी, पुरं झालं. लोक त्यांवरून धडाधड चढून जातात, वर जाऊन फोटो काढतात. काढू देत.

एखादी जागा आवडली की ती चार जणांना सांगावीशी वाटतेच, मलाही वाटते. फक्त आता कुणी या वाटेचा नकाशा मागितला, तर सोबत क्लबच्या कामाचा पुढचा रविवार कधी आहे तेही सांगतो. दहांतला एखादा येतो. असो, एक तर एक!