मृगयाकाल आणि सीमेपलीकडील कळप

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील. त्यांचा अर्थ आरंभीच निश्चित करणे इष्ट आहे. ज्या कालावधीत एखाद्या प्रदेशात वन्य पशूची हत्या होते किंवा होऊ दिली जाते, तो त्या प्रदेशाचा मृगयाकाल. त्याचे दोन प्रकार आहेत : कायद्याने ठरवून दिलेला तो विहित आणि कायदा काहीही म्हणो, व्यवहारात चालू असलेला तो वास्तविक. कळपाची गुणवत्ता म्हणजे कळपाची संख्या नव्हे. नर-मादी प्रमाण, वयोरचना, पिलांच्या जन्मकाळाची एककालिकता आणि शरीरभार या चार लक्षणांवरून ती ठरते. शेकडो माद्यांचा कळप प्रौढ नरांच्या अभावी निकृष्ट असू शकतो. ज्या दोन प्रदेशांत पशूंचे येणेजाणे चालू असते, ते परस्परांचे शेजारी. मग मध्ये तालुक्याची, जिल्ह्याची वा राज्याची सीमा असो.

विवेचनाचे स्थळ जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचे आणे पठार आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश हे आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर अभयारण्य आहे. ते 1985 साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर आहे आणि ते आंबेगाव व खेड तालुक्यांबरोबर ठाणे व रायगड जिल्ह्यांतही पसरले आहे. पूर्वेस आणे ओलांडताच पारनेर तालुका, म्हणजे नगर जिल्ह्याचे कोरडे माळ, सुरू होतो. पश्चिमेच्या दाट रानात सांबर व भेकर आहेत. पिसोरीलाही लोक हरीणच म्हणतात, परंतु तिचे कुल स्वतंत्र आहे. नगर जिल्ह्याच्या माळरानांत काळवीट व चिंकारा आढळतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठीच राखलेले आहे. सांबर व भेकर हे सारंग कुलातील असून त्यांची शाखायुक्त मृगशृंगे गळतात व पुन्हा उगवतात. काळवीट व चिंकारा हे कुरंग असून त्यांची शिंगे आजन्म टिकतात. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. बऱ्याच सारंगांच्या शृंगांची अवस्था त्यांच्या प्रजननकाळाचे द्योतक असते, कुरंगाच्या शिंगावरून तसा बोध होत नाही. म्हणून दोहोंसाठी एकच बंदीकाल शास्त्रशुद्ध ठरू शकत नाही.

सारंगांमध्येही एकवाक्यता नाही. सांबराचा माज प्रामुख्याने पावसाळ्यानंतर हिवाळ्याच्या आरंभी येतो, गर्भकाल सुमारे 8 महिन्यांचा असतो आणि बहुतेक पिले उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. उन्हाळ्यात नराची शृंगे गळतात आणि पावसाळ्यात नवी शृंगे मखमली त्वचेखाली वाढतात. विदर्भातील चितळाचे चक्र जवळजवळ उलट आहे : माज उन्हाळ्यात, बहुसंख्य जन्म हिवाळ्यात. भेकराच्या प्रजननाला ठराविक ऋतूच नाही. यावरून पहिला निष्कर्ष निघतो. जो महिना एका जातीला निर्धोक, तोच दुसरीला घातक असू शकतो.

आता हत्येच्या काळानुसार परिणामांचे चार टप्पे मानता येतात. पहिला, माजापूर्वीचा. या काळात प्रौढ नर मारले गेले तर समागमाचे काम कोवळ्या नरांवर येते. काही माद्या पहिल्या ऋतुचक्रात गाभण राहत नाहीत, पुढच्या चक्रात राहतात आणि त्यांची पिले उशिरा जन्मतात. उशिरा जन्मलेल्या पिलाला सुकाळातील चारा कमी दिवस मिळतो, म्हणून त्याचा शरीरभार कमी राहतो आणि ही उणीव कित्येकदा प्रौढपणीही भरून निघत नाही. नराची एक हत्या अशा रीतीने पुढच्या पिढीच्या वजनात उमटते. हे फार मोठ्या प्रमाणावर झाले तर काय होते, याचे उदाहरण कॅस्पियन समुद्राच्या वायव्येकडील गवताळ प्रदेशातील सायगा हे कुरंग देते. शिंगांसाठी नरांची चोरटी शिकार इतकी झाली की माद्या विपुल असूनही गर्भधारणेचे प्रमाण कोसळले; 2003 साली हे निरीक्षण शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसरा टप्पा प्रत्यक्ष माजाचा. नर तेव्हा खाणे विसरतो, ओरडून आपली जागा सांगतो आणि सहज सापडतो. तिसरा, माजोत्तर टप्पा नरांच्या दृष्टीने तुलनेने सौम्य आहे, कारण समागम होऊन गेलेला असतो. चौथा, गर्भभाराचा व स्तनपानाचा टप्पा सर्वांत विघातक आहे. एका मादीबरोबर तिचा गर्भ किंवा तिच्यावर अवलंबून असलेले पिलूही नष्ट होते.

हे परिणाम सीमेपलीकडे तीन मार्गांनी पोहोचतात. एक, विस्थापन. जिथे हाका घातला जातो तिथून कळप शांत बाजूला सरकतो, तिथल्या चाऱ्यावर व पाण्यावर ताण येतो. दोन, तरुण नरांचे निर्गमन. वयात येणारा नर जन्मभूमी सोडून शेजारी जातो. तिथे तो मारला गेला की सुरक्षित प्रदेश पुरवठादार राहतो आणि असुरक्षित प्रदेश केवळ खर्च करतो. तीन, माजकाळातील संचार. या तिसऱ्या मार्गाचा उत्तम अभ्यास कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, डोंगरी बिगहॉर्न मेंढ्यांवर झाला. राष्ट्रीय उद्यानांत संरक्षित असलेले मोठ्या शिंगांचे नर माज जवळ आला की उद्यानाबाहेर पडतात. बाहेर शिकारीचा हंगाम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतो आणि त्याच अखेरच्या दिवसांत उद्यानांच्या आसपास मारल्या जाणाऱ्या नरांचे प्रमाण वाढलेले आढळले. बाहेरच्या कळपांना सुधारू शकणारा नर समागमापूर्वीच संपतो. हंगाम काही आठवडे आधी संपला असता, तर तेच उद्यान शेजाऱ्यांचे बीजक्षेत्र ठरले असते. काळाची सीमा चुकली की भूमीची सीमा निष्फळ होते, हा या विषयाचा गाभा मला वाटतो.

आपल्याकडील कायद्याने काळाचे महत्त्व जाणले होते, शेजाराचे मात्र पुरेसे जाणले नाही. 1912 च्या वन्य पक्षी व पशु संरक्षण अधिनियमाने प्रांतिक सरकारांना बंदीकाल घोषित करण्याचा अधिकार दिला, पण तो ब्रिटिश मुलखापुरता. नगर जिल्ह्याला लागून असलेले निजामाचे राज्य त्याच्या कक्षेबाहेर होते. शिवाय मालमत्तेच्या रक्षणार्थ केलेली हत्या त्यातून वगळलेली होती आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने उभे पीक हीच मालमत्ता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पिले, माद्या आणि मखमली शृंगांचे सारंग यांच्या हत्येवर विशेष निर्बंध घातले आणि बंदीकाल ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपवली. तेव्हापासून हरणांपुरता विहित मृगयाकाल शून्य आहे.

वास्तविक मृगयाकाल मात्र शून्य झालेला नाही. त्याला आता नियम नाहीत, त्यामुळे तो दोन गोष्टींनी ठरतो : पाणी आणि पीक. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पाणवठे आटतात, पशू उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात आणि दबा धरणाऱ्याला रान पालथे घालावे लागत नाही. नेमक्या याच महिन्यांत सांबराची मादी गर्भभाराच्या अंतिम अवस्थेत असते. म्हणजे वर सांगितलेला चौथा, सर्वांत विघातक टप्पा हाच चोरट्या शिकारीला सर्वांत सोयीचा ठरतो. दुसरा काळ खरीप हातातोंडाशी येतो तेव्हाचा. शेताच्या कडेला रानडुकरासाठी लावलेला फास नर-मादी निवडत नाही, भेकर अडकले तरी तो आवळतोच. पिकाचे नुकसान खरे आहे आणि शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळणे हा त्याचा हक्क आहे. तो नाकारून हा प्रश्न सुटणार नाही.

अखेरीस कळपांच्या या ऱ्हासाचा भार कोणावर पडतो, हेही नोंदले पाहिजे. जुन्नर परिसराला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात भक्ष्याच्या वजनापैकी सुमारे 87 टक्के पाळीव प्राण्यांचे आणि त्यातही सर्वाधिक, 39 टक्के, कुत्र्यांचे निघाले. उसाने बिबट्याला आडोसा दिला हे खरे, पण वस्तीभोवतीच्या पाळीव प्राण्यांवरचे त्याचे अवलंबित्व केवळ उसाने स्पष्ट होत नाही. रानातील भक्ष्याची विरळता त्या हिशेबात धरावीच लागते.

आण्याच्या पठारावर आज एक प्रशासकीय अडचण मूर्त आहे. पश्चिमेकडचे जंगल जुन्नर वनविभागाचे, पुणे वनवृत्तातील. पूर्वेकडचे नगर वनविभागाचे, नाशिक वनवृत्तातील. पशूंना ही रेषा ठाऊक नाही, फास लावणाऱ्याला ती पक्की ठाऊक आहे. म्हणून गस्तीचे वेळापत्रक वृत्तनिहाय न आखता प्रजननचक्रानुसार आखावे, मार्च ते जून या काळात पाणवठ्यांवरील पहारा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाढवावा आणि खरिपाच्या काढणीपूर्वी बांधांवरील फासांची शोधमोहीम एकत्रितपणे करावी. पुणे व नाशिक वृत्तांच्या अधिकाऱ्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी एवढे एक संयुक्त वेळापत्रक तयार करावे, ही विनंती.