उदबत्तीतला ऊद कुठे गेला?

उदबत्तीच्या पुड्यांवर मोगरा असतो, केवडा असतो, चंदन तर असतेच. ऊद मात्र शोधावा लागतो. ज्याचे नाव बत्तीने लावले, तोच बहुतेक काड्यांतून कधीचा निघून गेला आहे.

ऊद हा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ अगदी साधा: लाकूड, काठी. अरबांच्या एका तंतुवाद्यालाही ऊदच म्हणतात. सुगंधाच्या बाजारात मात्र नुसते ‘लाकूड’ म्हटले तरी एकच लाकूड समजले जाई. ते म्हणजे आसामापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांतले अगरू. हे झाड विचित्र आहे. धडधाकट असेल तर त्याचे लाकूड फिकट आणि जवळजवळ बिनवासाचे. खोडाला जखम झाली, आत बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करते. ती राळ मुरलेला भाग म्हणजे अगरू. थोडक्यात, हा आजारी झाडाचा सुगंध. संस्कृतात त्याला ‘अगुरु’ म्हटले, म्हणजे जड नसलेले. उत्तम प्रतीचे अगरू मात्र पाण्यात सरळ तळाला जाते. चिनी नावाचा अर्थच ‘बुडणारा सुगंध’ असा आहे. त्यांनी निदान पाण्यात टाकून पाहिले होते म्हणायचे.

हिंदीने या लाकडावरून अगरबत्ती केली. मराठीने उदबत्ती, कन्नडने ऊदुबत्ती. पुढे मराठीत ऊद आणखी घसरला. महागडे लाकूड सामान्य घरात येणार कुठून? मग निखाऱ्यावर टाकायच्या लोबानासारख्या राळेलाच लोक ऊद म्हणू लागले. न्हाऊ घातलेल्या बाळाला आजी ऊद-वेखंडाची धुरी देते, त्यात लाकडाचा कपटाही नसतो.

नावाचा दुसरा अर्धा भाग याहून जुना. बत्ती म्हणजे संस्कृत ‘वर्ती’, म्हणजेच आपली वात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘धूमवर्ती’ करण्याची कृती दिली आहे. अगरू, चंदन, वेलदोडा अशी द्रव्ये वाटायची, तो लगदा बोरूसारख्या काडीवर लिंपायचा, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळे लांब वर्ती करायची आणि वाळवायची. वर्णन ऐकून उदबत्तीच डोळ्यांपुढे येते. पण चरक पुढे काडी काढून घ्यायला सांगतात. उरलेली पोकळ वर्ती तूप लावून पेटवायची आणि नळीतून तिचा धूर ओढायचा. हे औषध होते. घर सुवासिक करण्याचा हेतू त्यात नव्हता.

घर, कपडे, केस सुगंधी करण्याचे शास्त्र वेगळे. त्याचे नाव ‘गंधयुक्ती’. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर एक प्रकरण लिहिले, आणि ज्योतिषी माणसाने सुगंधाचेही गणित मांडले. सोळा घरांचा चौकोन, प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याचे भाग. पहिल्या ओळीत अगरू २, तमालपत्र ३, तुरुष्क म्हणजे शिलारस ५ आणि शैलेय ८, बेरीज १८. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज १८च येते. सोळांतून चार द्रव्ये निवडण्याचे प्रकार १,८२०, आणि भाग बदलत गेले की १,७४,७२० सुगंध होतात, असा त्याचा हिशेब आहे. हे सारे कुणी करून हुंगले असतील असे वाटत नाही. पण शैलेय म्हणजे दगडफूल, आणि पुढच्या ओळींत ‘त्वक्’ म्हणजे दालचिनीही आहे. अर्धा गोडा मसाला इथे धुपाच्या यादीत बसला आहे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ रचला. राजाने उपभोगायच्या गोष्टींत त्याने धुपालाही जागा दिली.

मराठीचा धागा सापडला तो पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांना तिथल्या हस्तलिखितांत सुगंधविद्येचे दोन ग्रंथ मिळाले: गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’. दुसऱ्यावर चक्क मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यानचा मानला. म्हणजे धूप कसा करावा, हे कुणीतरी त्या काळी मराठीत समजावून सांगत होते. दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले. गंधसारात सहा क्रिया आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भिजवणे आणि शिजवणे यांपासून धूर देणे आणि फुलांच्या वासात ठेवणे इथपर्यंत. स्वयंपाक येणाऱ्या माणसाला यातले फारसे काही परके वाटू नये.

आजची काडी मात्र कारखान्यांची आणि घरोघरच्या बायकांच्या हातांची. बंगळूर-म्हैसूरकडे या धंद्याने जोर धरला. ‘म्हैसूर अगरबत्ती’ला भौगोलिक मानांकनही आहे. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि झाडाच्या सालीची चिकट भुकटी, म्हणजे जिगट, एकत्र मळतात. बांबूच्या काडीवर तो लगदा पाटावर वळला की झाली कच्ची बत्ती. वास नंतर, द्रवात बुडवून. २०१९ मध्ये सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि पुढच्या वर्षी बांबूच्या काड्यांवरचे आयातशुल्क २५ टक्के केले, कारण तोवर या काड्याही मोठ्या प्रमाणावर चीन-व्हिएतनामहून येत होत्या. खुद्द अगरूचे झाड इतके तोडले गेले की १९९५ पासून त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे.

अलीकडे घरीच धूप वळण्याची हौस वाढली आहे. निर्माल्यातला झेंडू-गुलाब सावलीत कडकडीत वाळवायचा, मिक्सरमधून बारीक करायचा. गोवरीची पूड, थोडा लोबान, भीमसेनी कापूर आणि तूप घालून मळायचे. कुणी दालचिनी आणि तमालपत्रही टाकते, वराहमिहिराचे नाव न ऐकता. तूप जास्त झाले तर कांडी पेटते आणि काळा धूर सोडते. कमी झाले तर भुगा होतो. दोन-तीन दिवस वाळवून मग ती धुपाटण्यात उभी करायची. तिच्या आत काडी नसते. चरकांच्या वर्तीतही नव्हती.