महाडचा तह आणि दोन संपादक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पोलादपूरचा. कॉलेजसाठी एस.टी.नं रोज महाडला जायचो. महाड म्हटलं की रायगड आणि १९२७ चं चवदार तळं, एवढंच आमच्या तोंडी असे. या गावाच्या नावाचा एक तह इतिहासात आहे, हे बी.ए. होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो मला भेटला 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स'च्या वाटेनं. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील असे. त्याच्या पत्रव्यवहाराचे हे पंधरा खंड. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता ही तेव्हा वेगवेगळ्या सत्तांची ठाणी होती. आजच्या भाषेत हे आंतरराष्ट्रीय संबंधच. प्रमुख संपादक दोघे: कलकत्त्याचे सर जदुनाथ सरकार आणि आपले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. पहिला खंड १९३६ साली निघाला. सरकारांचा हात फारसीवर, सरदेसायांचा मोडीवर. मराठ्यांविषयी एकाची लेखणी कठोर, दुसऱ्याची मायेची. पुण्याच्या काही विद्वानांना सरकार मुळीच रुचत नसत. तरी १९०४ पासूनचा या दोघांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. काही खंड त्यांनी इतरांकडे सोपवले. त्यांत सीतामऊचे राजकुमार रघुबीरसिंहही होते.

महाडचं प्रकरण सरदेसायांच्या वाट्याच्या दुसऱ्या खंडाच्या काळातलं, मॅलेट रेसिडेंट असतानाचं. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये गेले आणि गादीचा तंटा पेटला. शिंद्यांच्या धाकानं नाना फडणवीस पुणं सोडून वाईमार्गे महाडला येऊन बसले. येथूनच त्यांनी सूत्रं हलवली. ऑक्टोबर १७९६ चा महाडचा तह निजामाशी झाला. खर्ड्याला मिळवलेला मुलूख परत, उरलेली खंडणी माफ. बदल्यात निजामानं नानांच्या बाजूनं उभं राहायचं. बोलणी केली ती खर्ड्यानंतर पुण्यात अटकेत असलेल्या निजामाच्या दिवाणानं, मुशीरुल्मुल्कानं. कैद्यानंच तह घडवावा, ही गंमत मला फार आवडते! डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला आणि तहाच्या अटी मान्य करायला खळखळ करू लागला.

सहा वर्षांनी तोच बाजीराव महाडला आला, पळत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याचा पराभव केला. महाडहूनच त्यानं मुंबईच्या इंग्रजांकडे जहाज मागितलं. सुवर्णदुर्गमार्गे तो वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला त्यानं तह केला: तैनाती फौजेच्या सहा पलटणी आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. मराठी राज्याचं स्वातंत्र्य त्या दिवशी गहाण पडलं.

रेसिडेंटाचं पत्र म्हणजे परक्या माणसानं पुण्यात बसून ऐकलेली हकिकत. नानांचा डाव समजायचा तर मोडी कागद हवेत, मुशीरुल्मुल्काचा समजायचा तर फारसी. एका माणसाला हे झेपलं नसतं, म्हणून दोघांची जोडी मला मोलाची वाटते.

पण एक खंत आहे. बाजीरावाच्या लवाजम्याला महाडात दाणावैरण कुणी पुरवली? सावित्रीच्या खाडीत माझे कोकणी मुसलमान पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तारवं हाकत. त्यांतलं एखादं तारू त्या वेळी कामी आलं का? मी वाचलेल्या पत्रांत त्याविषयी एक ओळही सापडली नाही.