पायाचे बळ, हवेचे बळ

यवतहून भुलेश्वराच्या घाटात बैलगाडी उतरताना आपण पाहिली असेल. सारा भार बैलांच्या मानेवर येतो. वेग वाढवणे सोपे, आवरणे कठीण. गाडीचा इतिहास हेच सांगतो. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, तेव्हा उतार होता ३७ फुटांस एक फूट. हाताबाहेर गेलेली गाडी थोपवायला तेथे चढाचे वेगळे रूळ घालावे लागले.

मोटारीतही आधी सळ्या नि तारा ओढूनच ब्रेक लागे. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. पण बळ पायाचेच. पुढे १९२७ च्या सुमारास बेल्जियमच्या देवांद्रे यांची युक्ती प्रचारात आली. डब्यात पडदा, त्याच्या एका अंगाची हवा इंजिन ओढून घेते; दुसऱ्या अंगाची बाहेरची हवा पायाला मदत करते. हाच पॉवर ब्रेक.

मग हौसेने जुनी मालमोटार उभी करणाऱ्याने काय निवडावे? रिकामी गाडी सपाटीवर फिरवायची तर साधा ब्रेक पुरे. त्यात भाग थोडे, इंजिन बंद पडले तरी तो तसाच चालतो. गुळाच्या ढेपा भरून घाट उतरायचा तर पॉवर ब्रेक हवा. डिझेल इंजिन असेल, तर हवा ओढणारा पंप वेगळा लागतो.

मात्र तेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करू नका. दोन-चार दाबांत साठलेले बळ संपते आणि पायाखालचा ब्रेक दगडासारखा होतो. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे.