मुंबईतील रुग्णालये : दात्यांच्या अटी आणि रुग्ण-कर्मचारी संबंध

प्रस्तावना

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावी लागते. आरोग्यसेवा हे त्यातील एक मान्य क्षेत्र होय. तथापि व्यापार-उद्योगातील संपत्ती रुग्णसेवेकडे वळविण्याची मुंबईतील परंपरा या कायद्याहून बरीच जुनी आहे. या दातृत्वाचा रुग्ण व कर्मचारी यांच्या संबंधांवर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दान आणि अट

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून व सरकारच्या सहभागातून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले. परंतु पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास अनेक स्त्रिया तयार नसत. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयासाठी देणगी देताना ते स्त्री डॉक्टरांच्या हाती असावे, अशी अट घातली. १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईत आल्या आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी निधी देताना तेथील अध्यापक भारतीयच असावेत, असा आग्रह धरला. १९२६ मध्ये त्याच्याशी संलग्न के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. दोन्ही ठिकाणी दात्यांनी रुग्णापाशी कोण उभे राहणार, हेही ठरविले.

दुवा साधणारा कर्मचारी

सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या निधीतून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. रुग्णाची घरची स्थिती डॉक्टरांना सांगणे आणि डॉक्टरांचा सल्ला रुग्णाला उमजेल असा समजावणे, हे काम करणारा कर्मचारी त्यामुळे रुग्णालयास लाभला.

समारोप

या अटी ठरविताना रुग्णाला विचारण्यात आले नव्हते, ही या परंपरेची मर्यादा होय. तरीही त्या दात्यांनी माणसांचा विचार केला होता. आजच्या कायद्यात खर्चाचा हिशेब प्रधान आहे; परिणाम-मूल्यमापनाची २०२१ पासूनची सक्तीही मोठ्या प्रकल्पांपुरतीच आहे. यंत्रसामग्रीवर दात्याचे नाव कोरता येते, समुपदेशकाच्या वेतनावर नाही. म्हणूनच परिचारिका व समाजसेवक यांची पदे आणि प्रशिक्षण यांना निधीत स्थान मिळणे, हाच मुंबईच्या या इतिहासाचा खरा बोध ठरतो.