नावांच्या मुळाशी

बाप्तिस्मा जवळ आला की घराघरांतून एक प्रश्न निघतो. बाळाला रॉबर्ट, हेन्री असे ‘ख्रिस्ती’ नाव द्यावे की मराठी? वऱ्हाडातील आपल्या कुटुंबांसाठी या प्रश्नाचा थोडा इतिहास येथे मांडावा, असे आम्हांस वाटते.

रॉबर्ट आणि हेन्री ही नावे बायबलमध्ये नाहीत. ती युरोपातील जर्मानिक टोळ्यांची. ख्रिस्ती होण्यापूर्वीपासून या टोळ्यांत दोन शब्द जोडून नाव घडविण्याची रीत होती. कीर्ती आणि तेज मिळून रॉबर्ट झाला. घर आणि सत्ता मिळून हेन्री. आपल्या रणजित, यशवर्धन या नावांची घडण अशीच आहे.

पाचव्या शतकात विसिगॉथ ही टोळी आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत उतरली. इ. स. ७११ च्या आक्रमणानंतर तिचे राज्य लयास गेले, भाषाही लोपली. पण रॉड्रिगो, फर्नांडो, गोन्सालो ही नावे उरली. त्यांवरून ‘अमक्याचा पुत्र’ या अर्थाने रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्सालवीस ही आडनावे बनली, आणि १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात ती वसईत रुजली.

आपल्याकडेही माणसाच्या नावात पिता आणि गाव सामावतात. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. गावांच्या नावांतही असेच साम्य दिसते. हॅम्बर्गमधील ‘बर्ग’ म्हणजे तटबंदीचे ठाणे. संस्कृत ‘पुर’चा जुना अर्थही तोच. शब्दांची मुळे वेगळी, कल्पना एक. आपल्या दर्यापुरात तर फारसी ‘दर्या’ आणि संस्कृत ‘पुर’ एकत्र नांदतात.

मग नाव ख्रिस्ती होते कशाने? गोन्सालो या नावाच्या पूर्वार्धाचा अर्थ युद्ध. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांनी ते धारण केले, आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे निःशस्त्रपणे क्रूसावर प्राण दिला. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. रणाचे नाव असे संताचे झाले.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यातील कलम ८५५ एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये. तेव्हा आपल्या बाळाचे नाव आनंद किंवा करुणा ठेवताना आईबापांनी संकोच बाळगू नये. आजीच्या आवडीचा रॉबर्टही खुशाल ठेवावा. मात्र त्याचा अर्थ मुलाला अवश्य सांगावा.